हृदयाच्या जागी पिशवी : अ‍ॅपच्या रिडिझाइनवर संशोधन करण्याआधी



पेट झाली, कोर्सवर्क संपत आलं, की सिनॉप्सिसची धावपळ सुरू होते. या महिन्यात ओळखीच्या दोघांनी मला आपले कच्चे मसुदे वाचायला दिले आणि योगायोग असा, की दोघांचा विषय जवळपास एकच होता: सोशल मीडिया अ‍ॅपचं रिडिझाइन करून लोकांमधला संपर्क आणि ऑनलाइन खरेदी एकाच जागी आणायची. विषय चांगलाच आहे. मी स्वतः एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या सत्रात हाच प्रोजेक्ट केला होता. मार्क चांगले पडले. पण प्रोजेक्ट चुकीचा होता. तो का चुकला हे कळायला मला पुढं बराच वेळ लागला, म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

आमच्या कळमनुरीत शेजारी एक काकू राहतात. नांदेडहून घाऊक भावात साड्या आणायच्या, फोटो काढायचे, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचे, असा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक कळमनुरीतलं, थोडं आखाडा बाळापूरचं, थोडं वारंगा फाट्याकडचं. ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस. कोणती साडी विकली, कोणती शिल्लक आहे, कुणी पैसे दिले, काही पत्ता लागत नाही. मला वाटलं, हाच आपला 'प्रॉब्लेम स्टेटमेंट'. मी एक नमुना अ‍ॅप बनवलं. एका बाजूला गप्पांचा ग्रुप, दुसऱ्या बाजूला नीट मांडलेलं दुकान: फोटो, भाव, शिल्लक नग, 'आत्ता घ्या'चं बटण. मग काकूंच्या गिऱ्हाइकांकडून सिस्टिम युजेबिलिटी स्केल भरून घेतली. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही दहा प्रश्नांची पट्टी तुमच्यातल्या अनेकांच्या मसुद्यात असतेच. तिच्यावर ६८ हा साधारण सरासरी गुण मानतात. माझ्या अ‍ॅपला त्याहून बरेच वर गुण मिळाले. मी खूश, गाईड खूश.

दीड महिन्यानं बघितलं, तर अ‍ॅप कुणीच उघडत नव्हतं. ग्रुपवर फोटोंचा पाऊस तसाच सुरू होता.

काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुझ्या त्याच्यात साडीखाली नुसता भाव येतोय पोरी. माझ्या बायका भाव मागून विचारतात. आधी विचारतात, धुतल्यावर रंग जाईल का. मी म्हणलं जात नाही, म्हंजी जात नाही. गेला तर त्या माझ्या दारात येतात भांडायला. तुझ्या अ‍ॅपात कुणाच्या दारात जायचं?"

गुण कुणी दिले होते?

पहिली चूक पद्धतीची होती. शेजारच्या पोरीनं रात्र-रात्र जागून केलेल्या कामाला कमी मार्क कोण देणार? हे मला तेव्हा सुचलं नाही, पण त्यावर आपल्याच देशात झालेलं संशोधन उपलब्ध होतं. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूत ४५० लोकांबरोबर केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादं तंत्रज्ञान समोरच्या मुलाखतकारानंच बनवलंय असं वाटलं, की लोक ते पसंत करण्याची शक्यता सुमारे अडीच पट होते. मुलाखतकार परदेशी असेल आणि मध्ये दुभाषा असेल, तर पाच पट. 'तुमचंच चांगलं' असं म्हणणं हा आपल्याकडचा साधा शिष्टाचार आहे. संशोधनात आपण त्यालाच 'वापरकर्त्यांचं समाधान' असं नाव देऊन तक्त्यात बसवतो.

तेव्हा रिडिझाइनवरचा कुठलाही पेपर वाचताना आधी बघा, की गुण कुणी दिले, कुणासमोर दिले, आणि महिनाभरानं ती माणसं ते अ‍ॅप वापरत होती का. यातला तिसरा प्रश्न बहुतेक पेपरांत नसतोच.

तांदळातले खडे

दुसरी चूक मोठी होती. ती समजायला मला माझ्या विषयाबाहेरचा एक निबंध वाचावा लागला. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा 'द मार्केट फॉर लेमन्स' १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत केला होता. पुढे २००१ मध्ये अकरलॉफ यांना नोबेल मिळालं. (पेपर 'रिजेक्ट' होऊन आला, की हे आठवायचं.) त्यांचा मुद्दा साधा आहे: विकणाऱ्याला माल कसा आहे ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. खात्री द्यायची काहीच सोय नसेल, तर गिऱ्हाईक सगळ्याच मालाला हलकं समजून कमी भाव देतं. मग चांगला माल विकणारा बाजारातून उठून जातो आणि उरतो तो हलका माल.

गंमत म्हणजे हा निबंध जुन्या मोटारींपाशी थांबत नाही. त्यात भारतातली गृहिणी आहे, जिला बाजारातल्या तांदळातून खडे निवडावे लागतात. तांदळासारख्याच रंगाचे आणि आकाराचे, मुद्दाम मिसळलेले खडे. आपल्या आईच्या हातातलं सूप थेट अर्थशास्त्राच्या निबंधात!

आता काकूंकडे परत या. काकू नेमकं काय विकतात? साडी तर नांदेडला त्याच भावात कुणालाही मिळते. काकू खडे निवडून देतात. कुठला माल उचलायचा नाही हे त्यांना कळतं. कुणाला कुठला रंग चालेल, कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाला पगार झाल्यावरच पैसे देणं जमेल, हेही त्या लक्षात ठेवतात. ग्रुपवर सकाळी कुणाच्या सासूच्या गुडघ्याची चौकशी होते, ती विक्रीच्या आड येणारी फालतू बडबड असते असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात वॉरंटी कार्ड तेच होतं. मी बडबड एका बाजूला काढली, दुकान दुसऱ्या बाजूला मांडलं, आणि दोन्हींना जोडणारा धागाच कापून टाकला.

हळदीचंच बघा. आपला जिल्हा हळदीचा, वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. तरी घरात हळद आणायची म्हटलं की आपण आधी विचारतो, "कुणाच्या घरची?" पाकिटावरचा भाव त्यानंतर.

मोठ्यांचं काय झालं?

मी तर एक विद्यार्थिनी होते. पण हाच प्रश्न मोठ्या कंपन्यांनी कसा हाताळला, ते तपासण्यासारखं आहे.

इन्स्टाग्राम. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी मुख्य पडदा बदलला. खालच्या पट्टीत आधी मधोमध अधिकचं चिन्ह होतं, आपला फोटो टाकायला, आणि त्याच्या शेजारी हृदय, कुणी काय प्रतिसाद दिला ते बघायला. ही दोन्ही चिन्हं वर कोपऱ्यात गेली. अधिकच्या जागी रील्स आले आणि हृदयाच्या जागी खरेदीची पिशवी. साथीच्या काळात लोकांची ऑनलाइन खरेदी वाढली, असं कारण दिलं गेलं. ते खरंही होतं. पण अंगठ्याला सवय असते. 'मैत्रिणीनं काय म्हटलं' हे बघायला गेलेला अंगठा दुकानात पोचू लागला. फेब्रुवारी २०२३ पासून दुकानाचा टॅब काढून टाकला आणि अधिकचं चिन्ह पुन्हा मधोमध आणलं. हृदय मात्र वरच राहिलं.

याला मी वाईट डिझाइन का म्हणते? बटण दिसायला छानच होतं. चूक होती ती मागच्या गृहीतकात: माणूस जिथं वारंवार जातो, तिथं त्याला काहीही विकता येतं. माणूस तिथं कशासाठी जातो, हा प्रश्न त्या जागेच्या हिशोबात धरलेला दिसत नाही.

मीशो. विदित आत्रे आणि संजीव बर्नवाल या आयआयटी दिल्लीच्या दोघांनी २०१५ मध्ये ही कंपनी काढली. आधीचा त्यांचा प्रयत्न वेगळा होता: आसपासच्या कपड्यांच्या दुकानांना अ‍ॅपवर आणायचं. तो चालला नाही. पण दुकानदार आणि घरून धंदा करणाऱ्या बायका व्हॉट्सअ‍ॅपवर माल विकताहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. मग अ‍ॅपच त्या पद्धतीवर उभं केलं. मालाचे फोटो अ‍ॅपमधून घ्या, आपल्या ग्रुपवर टाका, स्वतःचा नफा वर चढवा, ऑर्डर आली की अ‍ॅपवर नोंदवा. संशोधक म्हणून मला हे फार आवडतं. लोक काय करतात ते आधी बघितलं, पडदे नंतर काढले. मी नेमकं उलटं केलं होतं.

पण पुढे, २०२१ च्या सुमारास, कंपनीचा भर थेट ग्राहकावर गेला. आता बाईनं अ‍ॅप उघडायचं आणि स्वतःच साडी घ्यायची. मधली काकू लागत नाही. तिचं काम कोण करतं? चांदण्या, खरेदीदारांनी टाकलेले फोटो, माल परत करायची सोय. म्हणजे खडे निवडायचं सूप आता प्रत्येकीच्या हातात दिलंय.

व्हॉट्सअ‍ॅप. जानेवारी २०१८ मध्ये बिझनेस अ‍ॅप, नोव्हेंबर २०१९ मध्ये मालाची यादी दाखवायची सोय, डिसेंबर २०२० मध्ये कार्ट. माझ्या मते तिघांत हे रिडिझाइन सगळ्यात शहाणं, कारण त्यानं बोलण्याला हात लावला नाही. यादी बघा आणि तिथंच विचारा, "रंग जाईल का?" जून २०२५ मध्ये जाहिराती आणायचं जाहीर केलं, तेव्हाही त्या 'अपडेट्स' या वेगळ्या टॅबमध्ये ठेवल्या, गप्पांमध्ये नाही. तरी एक खोट आहेच. मोठ्या कंपन्या पैसे मोजून संदेश पाठवतात, आणि तो संदेश आत्याच्या संदेशाच्याच रांगेत येऊन बसतो. ज्या रांगेवर आपला विश्वास आहे, तीच रांग भाड्यानं दिली जाते.

दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून 'ओळखीचा बाजार चांगला, अ‍ॅप वाईट' असं लिहून मोकळे होऊ नका. तेही कच्चं संशोधन होईल. ओळखीतून घेतलं की नको असलेली साडीही घ्यावी लागते, नाही म्हणता येत नाही. ओळख नात्यागोत्यापुरती, गल्लीपुरती, बऱ्याचदा जातीपुरती असते. नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुलीला ग्रुपमध्ये कोण घेणार? काही वस्तू शेजारणीकडून घ्यायला संकोच वाटतो, तिथं मुका पडदा हीच मोठी सोय ठरते. भाव पारदर्शक झाला, की काकूंचा नफा कमी होतो, पण गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात. मग रिडिझाइन चांगलं की वाईट? कुणासाठी, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हा 'कुणासाठी' पहिल्या पानावर हवा.

मग मसुद्यात काय बदलायचं?

'रिडिझाइनमुळे वापरकर्त्यांचा अनुभव सुधारतो का?' हा प्रश्न सोडा. त्याचं उत्तर नेहमी 'हो' येतं. त्याऐवजी असं काहीतरी विचारा: 'कळमनुरी तालुक्यात व्हॉट्सअ‍ॅपवरून कपडे विकणाऱ्या महिला मालाची खात्री कशी देतात, आणि दुकानाचा स्वतंत्र पडदा दिल्यावर त्यातलं कोणतं काम गळून पडतं?' हा प्रश्न लहान आहे, पण याचं उत्तर आधीपासून ठरलेलं नाही.

करताना एवढं पाळा:

- पडदे काढण्याआधी काही आठवडे नुसतं बघा. एक वस्तू विकली जाईपर्यंत किती संदेश झाले आणि त्यातले भावाबद्दल किती होते, हे वहीत मोजा.
- ग्रुपमधलं काहीही वापरण्याआधी फक्त अ‍ॅडमिनची नाही, सगळ्यांची परवानगी घ्या. स्क्रीनशॉटमधली नावं, नंबर, फोटो झाका.
- तुमचं अ‍ॅप तपासायला दुसऱ्याला पाठवा, आणि ते तुम्ही बनवलंय हे सांगू नका.
- न विकलेली आणि परत आलेली वस्तू मोजा. नातं कामाला लागतं ते तिथंच.
- जी बाई ग्रुपमध्ये नाही, तिलाही शोधून विचारा.

मी माझा जुना प्रोजेक्ट आता पुन्हा उघडलाय. या वेळी अ‍ॅप नाही, फक्त वही. परवा काकूंकडे बसले होते. एका साडीवर एकोणीस संदेश झाले आणि शेवटी ती विकली गेलीच नाही. काकूंना त्याचं काहीच वाटलं नाही. "दिवाळीला घेईल ती," म्हणाल्या, आणि दुसरा फोटो टाकला.

माझ्या जुन्या अ‍ॅपच्या तक्त्यात ही 'अयशस्वी विक्री' म्हणून गेली असती. वहीत तिला काय म्हणायचं, ते मला अजून ठरवायचंय. तुमच्या मसुद्यात अशा विक्रीसाठी रकाना आहे का, तेवढं मात्र आजच बघून घ्या.