बामियानची संगणकीय मूर्ती आणि पुराव्याचा प्रश्न

भग्न वारशाची संगणकावर त्रिमितीय पुनर्रचना करणाऱ्या साधनांकडे केवळ तांत्रिक कौतुकाने पाहून भागणार नाही. काय जोडले जाते आणि कोणाच्या पुराव्यावर, हा मूलतः सांस्कृतिक सत्तेचा प्रश्न आहे. अफगाणिस्तानातील बामियानचे उदाहरण या दृष्टीने तपासले पाहिजे.

मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या कड्यात कोरलेल्या सुमारे ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील आर्मिन ग्रून यांच्या गटाने जुन्या छायाचित्रांवरून मोठ्या मूर्तीची संगणकीय प्रतिकृती घडवली. निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांत एकच बिंदू हेरायचा आणि त्यावरून त्याचे अवकाशातील स्थान ठरवायचे, अशी ही पद्धती. कोस्टका यांनी १९७० साली मोजणीच्या कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रे येथे मोलाची ठरली. तरीही स्वयंचलित जुळणीला चीवराच्या बारीक चुण्या सापडल्या नाहीत. त्यांचे बिंदू माणसाला स्वतः हेरून मोजावे लागले. यंत्राच्या सर्वज्ञतेचा गाजावाजा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मूर्तीचा ओठांवरचा चेहरा स्फोटाच्या कितीतरी आधीच नाहीसा झालेला होता. छायाचित्रात जे नाही, ते मोजता येत नाही. तेथे एखादा सुबक चेहरा बसवून त्याला पुनर्रचना म्हणणे ही इतिहासाची फसवणूक ठरेल. पुरावा कोठे संपतो आणि तर्क कोठे सुरू होतो हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असा दंडक २००६ च्या लंडन सनदेने घातला तो याचसाठी.

परंतु पुरावा तरी कोणाचा? कॅमेरा ज्याच्या हाती, त्याने टिपला तेवढाच! या खोऱ्यातील हजारा समाज या मूर्तींना सलसाल आणि शाहमामा म्हणत आला, त्यांची प्रेमकथा सांगत आला. त्याच कड्यातील गुहांतून गरीब हजारा कुटुंबे राहत होती. मूर्ती पडण्यापूर्वी दोनच महिने, जानेवारी २००१ मध्ये, बामियान प्रांतातील यकावलांग येथे तालिबानने हजारा पुरुषांची कत्तल केली. दगडासाठी जग हळहळले. या माणसांसाठी किती हळहळले?

साधनांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्यांनी मिळणाऱ्या स्वस्त समाधानाला. मूर्तीच्या मापांशेजारी त्या माणसांची कथा, वस्ती आणि कत्तल यांची नोंद होत नाही, तोवर आपल्या हाती दगडाचा आकार येईल. वारसा येणार नाही.