राजी, गोलू आणि लवणासुराचे झाकण

लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहिले की दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक गावातली माणसे सांगतात. इथे जमिनीखाली लवणासुर राहत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले, पायाच्या अंगठ्याने दैत्याच्या बिळावरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. झाकण दूर जाऊन पडले, त्याची टेकडी झाली. तळ्याचे पाणी हे दैत्याचे रक्त आणि त्यातले क्षार हे त्याचे कुजलेले मांस. दुसरी गोष्ट भूगोलाच्या पुस्तकातली. आकाशातून आलेला एक अशनी इथल्या बेसाल्टवर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला.

आमचे एक शिक्षकमित्र आपल्या अकरावीतल्या मुलीला घेऊन आमच्यासोबत लोणारला आले होते. पहिली गोष्ट ऐकून ती मुलगी चटकन म्हणाली, "काका, हे तर अगदी राजीसारखं आहे!" मित्राने कपाळाला हात लावला. "राजी म्हणजे हिचा संगणकावरचा खेळ. तुम्ही विज्ञानाची माणसं, तुम्हीच हिला चार शब्द सांगा." चार शब्द सांगायचे तर आधी खेळ पाहायला हवा, म्हणून आम्ही तो मागून घेतला आणि शेवटपर्यंत खेळलो. आता हे चार शब्द आम्ही त्या मुलीऐवजी तिच्या वडिलांना, आणि त्यांच्यासारख्या सर्व शिक्षकांना, सांगत आहोत. हा खेळ अवश्य खेळावा. त्यातली उणीवही नीट पाहावी, कारण ती आपल्या वर्गातल्या एका उणिवेसारखी आहे.

'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ पुण्यात तयार झाला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने तो बनवला. अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी गोळा करण्याचा प्रयत्न केला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरीही काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ निंटेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर व इतर यंत्रांवर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले.

गोष्ट साधी आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही कसरतीचे खेळ करून पोट भरणारी अनाथ भावंडे. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर हल्ला करतात आणि मुलांना पळवून नेतात. त्यांत गोलूही असतो. राजी त्याला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते. हे दोघे देवच तिची गोष्ट आपसात बोलत बोलत आपल्याला सांगतात. अधूनमधून पडद्यावर सावल्यांच्या बाहुल्या येतात. ज्यांनी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला असेल, त्यांना घरी आल्यासारखे वाटेल.

खेळाची खरी ताकद मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. राजी कसरत करणारी मुलगी आहे, हे कुणी नुसते सांगत नाही. ती भिंतीवरून धावते, खांबाला धरून गिरकी घेते, कठड्यावरून झेप घेते, आणि हे सर्व आपल्या बोटांनी घडते. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही तिला कितीदा खाली पाडले याची मोजदाद नाही. नंतर हात बसला, तेव्हा तिच्या अंगातले कसब आपल्या अंगात उतरल्यासारखे वाटले. पुस्तकात आपण नायिकेचे धाडस वाचतो. इथे ते थोडेफार करावे लागते. गोष्ट सांगण्याची ही एक निराळी रीत आहे आणि ती समजून न घेता 'वेळ वाया जातो' असे म्हणणे घाईचे ठरेल.

दुसरी जमेची बाजू म्हणजे खेळातली स्थळे. राजस्थानी किल्ले-महालांसारखी बांधणी, जाळ्या, झरोके, आणि भिंतींवरची चित्रे. चित्रासमोर थांबले की त्यातली कथा ऐकू येते. आम्ही खेळलो ते इंग्रजी निवेदनावर. सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आहे. इंग्रजीमुळे अडणाऱ्या मुलांसाठी एका जाणत्या विद्यार्थ्याला शेजारी बसवून मराठीतून सांगायला लावावे. त्यात त्याचाही अभ्यास होतो.

आता उणीव. वाटेत काही कोडी येतात. एका गोल चित्राचे एकात एक अशी वर्तुळे करून तुकडे केलेले असतात. ती फिरवून चित्र जुळवायचे की भावंडांची एखादी आठवण समोर उभी राहते. कल्पना सुंदर आहे, पण कोडे फार सोपे आहे. का सोपे, हे वर्गात विचारण्याजोगे आहे. समजा, चार वर्तुळे आहेत आणि प्रत्येक आठ जागी थांबू शकते. एकूण रचना ८ × ८ × ८ × ८ म्हणजे ४,०९६ होतात. आकडा मोठा वाटतो. परंतु एखादे वर्तुळ शेजारच्याशी जुळले की ते लगेच डोळ्यांना दिसते. म्हणून एकेक वर्तुळ स्वतंत्रपणे लावता येते आणि फार तर ३२ प्रयत्नांत काम भागते. प्रत्येक पावलाला 'बरोबर' किंवा 'चूक' हे उत्तर मिळत असेल तर मोठे कोडेही लहान होते.

निसर्ग असे उत्तर क्वचितच देतो. लोणारचेच पाहा. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. चहूकडे ज्वालामुखीचा खडक, त्यात गोल खड्डा आणि खारे पाणी. साहजिकच ज्वालामुखीचे मुख किंवा खचलेली जमीन असे अर्थ लावले गेले. आकाराचे वर्तुळ जुळले, खडकाचे जुळले, तरी चित्र चुकीचे होते. तळाशी भोके पाडून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडले, तेव्हा उलगडा झाला. फेल्डस्पार गटातले खनिज न वितळता, केवळ धक्क्याने काचेसारखे झाले की त्याला हे नाव देतात. त्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या काही लाख पट दाब लागतो आणि ज्वालामुखीत तो मिळत नाही. हे संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या नोंदीपासून दीडशे वर्षे लागली. विवराच्या वयाचे कोडे तर अजून पुरते सुटलेले नाही. औष्णिक दीप्तीच्या पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर आरगॉनच्या समस्थानिकांवरून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

राजीच्या खेळात असा शोध नाही, ही आमची तक्रार आहे. देव गोष्ट सांगतात, चित्रे गोष्ट सांगतात, आपण ऐकतो आणि पुढे जातो. भिंतीवरच्या चित्रातून काही ताडले आणि त्यामुळे बंद वाट उघडली, असे घडत नाही. चित्रे न पाहताही खेळ संपवता येतो. धडा न समजताही पेपर सोडवता येतो, तसेच हे. शेवटही घाईत उरकल्यासारखा वाटतो. पाच-सहा तास सोबत केलेल्या मुलीचा निरोप असा तुटक नको होता.

याच्या उलट टोकाचा खेळ पाहायचा असेल तर 'आउटर वाइल्ड्स' पाहावा. मोबियस डिजिटल या अमेरिकन संस्थेचा हा खेळ २०१९ चा. एका छोट्या सूर्यमालेत आपण हिंडतो. दर २२ मिनिटांनी तिथला सूर्य फुटतो आणि काळ पुन्हा मागे जातो. जमवलेले काहीच पुढच्या फेरीत नेता येत नाही. नेता येते ते फक्त कळलेले. तिथे ज्ञान हीच किल्ली आहे. पण त्या खेळात राखी नाही, त्रिशूळ नाही, आपल्या अंगणातली गोष्ट नाही. हे दोन्ही एकत्र असलेला खेळ अजून आमच्या पाहण्यात नाही. तो कुणी करायला घेतला तर लोणारपेक्षा चांगली जागा कुठली?

तोवर शिक्षकांनी उणीव स्वतः भरून काढावी. एक प्रयोग सुचवतो. राजीला जागच्या जागी उडी मारायला लावा. मोबाइलवर चित्रण करून ती हवेत किती वेळ राहते आणि स्वतःच्या उंचीच्या किती पट वर जाते ते मोजा. तिची उंची दीड मीटर धरा. गुरुत्वत्वरण = ८ × उडीची उंची ÷ (हवेतील वेळ)². समजा उडी १.५ मीटर आणि वेळ ०.८ सेकंद निघाला, तर उत्तर १८.७५ येते, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट. तुमचे आकडे तुम्ही काढा. मग विचारा : वर जायला आणि खाली यायला सारखाच वेळ लागला का? लागला नसेल तर हे सूत्र चालेल का? खेळ बनवणारे गुरुत्वाकर्षण आपल्या सोयीने ठरवू शकतात, हे मुलांना कळले की आपल्याकडे ते तसे ठरवता येत नाही, हेही नव्याने कळते.

खेळात बरीच मारामारी आहे, म्हणून आम्ही तो नववीच्या पुढच्या मुलांना सुचवू. शाळेत एकच संगणक असेल तर एकाने खेळावे, बाकीच्यांनी पाहावे आणि दर वीस मिनिटांनी थांबून बोलावे.

आमच्या मित्राच्या मुलीला आम्ही एवढेच म्हटले, "राजीला प्रश्न विचारता येत नाहीत, लवणासुराच्या गोष्टीला विचारून बघ." आठवड्याने तिचा फोन आला. "काका, ती टेकडी खरंच झाकण असेल तर विवराएवढीच रुंद हवी ना? मी नकाशा घेऊन बसलेय." आम्ही म्हटले, "जरूर मोज. आणि समजा माप जुळलं, तर तेवढ्यावरून झाकणाची गोष्ट खरी ठरेल का, तेही सांग."

ती म्हणाली, दगडही तपासावा लागेल. मग थोडे थांबून म्हणाली, "पण इथे सगळीकडे बेसाल्टच आहे. मग दगडावरून कसं कळणार?" प्रश्न बरोबर होता. तिचे वडील शेजारीच होते. त्यांनी फोन घेतला आणि विचारले, "तो राजीचा खेळ साधारण किती वेळाचा आहे हो?"