‘काठिण्य’ आणि ‘वण’ : रक्तवाहिनीविकाराच्या परिभाषेची चिकित्सा

फेलिक्स मार्शां या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 1904 मध्ये ‘अथेरोस्क्लेरोसिस’ ही संज्ञा योजिली. तिच्यातील पहिल्या ग्रीक पदाचा अर्थ पेज, दुसऱ्याचा कठीण होणे. मराठीत ‘धमनीकाठिण्य’ रूढ होताना पेज गळाली व काठिण्य तेवढे उरले. परिणामी ताठरता ही विकाराची केवळ अखेरची अवस्था होय, असा समज होण्यास वाव राहिला.

अलीकडील संशोधन या समजास छेद देते. भक्षक पेशी ज्या आधारास चिकटतात, त्याच्या ताठरतेचा परिणाम त्यांच्या आकारावर व स्रावांवर होतो. 2010 मध्ये वर्णिलेले ‘पिएझो-1’ हे पेशीपटलातील प्रथिन ताणाने उघडते व कॅल्शियमला आत वाट देते; भक्षक पेशींतही ते आढळते. त्यांच्या स्रावांनी वाहिनीभित्तीतील स्नायुपेशी कोलॅजेन निर्माण करू लागतात, कोलॅजेनचे तंतू परस्परांस जखडले जातात, भित्ती अधिक ताठर होते, आणि ती ताठरता पुन्हा भक्षक पेशींवर कार्य करते. येथे कार्यच कारण बनते.

‘काठिण्य’ या शब्दात आणखी एक दोष आहे. भौतिकीत काठिण्य म्हणजे ओरखड्यास पृष्ठभागाने केलेला विरोध. ताठरता म्हणजे ताणास वा वाकण्यास केलेला विरोध. पेशीविषयक प्रयोगांत विचार होतो तो दुसऱ्या गुणाचा.

‘व्रण’ हा शब्द याहून अधिक घोटाळ्याचा. ‘जठरव्रण’ म्हणजे उघडी क्षत. बोलण्यात मात्र व्रण म्हणजे भरलेल्या जखमेची खूण. ‘देवीचे वण’ म्हणणारी लोकभाषा येथे शास्त्रभाषेपेक्षा नेमकी ठरते. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. मेदयुक्त गाभ्यावरील तंतुमय आवरण हा एक प्रकारे वणच होय. ते पातळ होऊन फाटले, तर रक्ताची गुठळी बनून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. त्यास ‘व्रण’ म्हटल्यास संरक्षक ऊतक हीच क्षत, असे विद्यार्थी समजेल. आणि वण नाहीसा करणे म्हणजेच उपचार, असा चुकीचा निष्कर्षही काढील.

‘पेशी ताठरता ओळखते’ हा प्रयोग सोयीचा असला, तरी त्यातील क्रियापद यंत्रणेची जागा घेऊ शकत नाही. स्थिर जेलवरील पेशी आणि प्रत्येक ठोक्यास प्रसरण पावणाऱ्या धमनीतील पेशी यांची परिस्थिती एक नव्हे, हेही त्या क्रियापदामागे झाकले जाते.

तात्पर्य, ‘धमनीकाठिण्य’ हे रोगनाम म्हणून राहू द्यावे. विवेचनात मात्र ‘ताठरता’ व ‘वण’ हेच शब्द योजावेत.