अलकाची बाजू

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ मी जालन्यात बसून वाचली. गोष्ट शेजारच्या बुलढाण्याकडची. एम.ए., बी.एड. झालेला एकनाथ नोकरीअभावी शेतीत अडकलाय आणि त्याची बायको अलका खेड्यात रमत नाही. तिला स्वार्थी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

शहर काही स्वर्ग नसतं. २०१३ च्या दुष्काळात स्टील आणि बियाण्यांचं हे जालनाही टँकरवरच होतं. पण अलका मागते तो महिन्याचा पगार एकनाथलाही हवाच होता की! देशमुख शेतकऱ्याचं मन आतून दाखवतात. अलकाच्या वाट्याला मात्र बहुतेक कुरकुरच येते. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार रास्तच, तरी तिच्या बाजूनं लिहिलेली चार पानं मी अजून शोधतोय.