विनासायास, पण कोणाला?

दिवसातून किती वेळा खावे, हा वाद महाराष्ट्रात बराच रंगला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे 'विनासायास वेट लॉस' हे पुस्तक सांगते, की कडक भूक लागेल तेव्हा दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर यांचे २००९ सालचे 'डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट' सांगते, की दर दोन तासांनी थोडे थोडे खा. सातारा-सांगलीकडच्या घरांत कंदी पेढा आणि भडंग पुढे आले, की या दोन मतांची आठवण निघतेच.

दोन्ही पुस्तकांचा एक गुण मान्य केला पाहिजे. ती महागड्या भुकट्या विकत नाहीत, रोजचेच अन्न खायला सांगतात. आमची तक्रार आहे ती वादाच्या रोखाविषयी. दिवेकरांच्या शीर्षकात मन आहे. पण घराघरांत पोहोचला तो केवळ आकडा. वाद झाला तो इन्शुलिनचा आणि जेवणांच्या संख्येचा. खाणाऱ्याच्या मनाचे काय होते, हे कोणी फारसे विचारले नाही.

आकडाही वाटतो तितका निर्णायक नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला; तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारख्याच कमी उष्मांकांचा आहार होता. एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खायचे होते. वजन घटण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मनाचा भाग १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी तपासला. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक देऊन मग आइस्क्रीमची चव पाहायला सांगितले. एरवी बेताने खाण्याचा विचार न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. सतत खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांनी मात्र जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला थांबा, असे मन म्हणते. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण शाबूच्या खिचडीपुरती नाही, हे यातून दिसते.

उपासमार टोकाला गेली तर काय होते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी पाहिले. १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे सुमारे निम्म्या आहारावर ठेवले गेले. वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. त्याबरोबर ते उदास आणि चिडचिडे झाले. डोक्यात सतत अन्नाचेच विचार, पाककृतींची पुस्तके वाचण्याचा नाद. साधे डाएट म्हणजे ही उपासमार नव्हे, आणि नीट देखरेखीखाली वजन घटवणाऱ्या अनेकांचे मन प्रसन्नही होते. पण उदासी हा दुबळ्या इच्छाशक्तीचा पुरावा नसून भुकेचा परिणाम असू शकतो, एवढे त्यातून नक्की कळते.

आषाढीला लोणंद-फलटणवरून जाणारा वारकरीही एकादशीला उपवास करतो. त्या उपवासाला सोबत असते, अर्थ असतो आणि दुसऱ्या दिवशी पारणे असते. डाएट करणारा बहुधा एकटा असतो, शेवटची तारीख नसते आणि चुकल्यास अपराधी वाटते. पोट दोघांचेही रिकामे, पण मनाची स्थिती सारखी नाही. म्हणून 'विनासायास' हा शब्द आम्हांस खटकतो. एकाला जे सहज जमते, ते दुसऱ्याला दिवसभराची झुंज ठरते.

हा प्रश्न वर्गातही येतो. प्रौढांसाठी सांगितलेला नियम आठवी-नववीची मुलगी घरात ऐकते आणि डबा तसाच परत नेते. वाढीच्या वयात हे धोक्याचे आहे. वजनावरून केलेली थट्टा, मग ती शिक्षकाची का असेना, तिला त्याच वाटेने ढकलते. डबा परत जात असेल, मूल चिडचिडे किंवा गप्प झाले असेल, तर कोणते डाएट चांगले हा वाद बाजूला ठेवावा; आधी मुलाशी एकांतात बोलावे, मग पालकांशी आणि गरज पडल्यास डॉक्टरांशी.