नळातला गॅस आणि अर्धवट सांगितलेले विज्ञान

घरोघरी नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूविषयी वर्गात, व्याख्यानांत आणि जाहिरातींत तीन विधाने हमखास ऐकू येतात. हा वायू हवेपेक्षा हलका म्हणून सुरक्षित आहे. तो स्वच्छ इंधन आहे. आणि सिलिंडरची कटकट संपवून तो पाण्यासारखा सर्वांच्या घरी येतो. तिन्ही विधानांत तथ्य आहे. पण पहिली दोन वायूच्या गुणधर्मांवर थांबतात आणि तिसरे तर जाळे सर्वत्र पोहोचलेच आहे असे गृहीत धरते. विज्ञान शिकवणाऱ्यांनी या अर्धवटपणाकडे लक्ष दिले पाहिजे. मुंबईच्या उदाहरणावरून तो तपासून पाहू.

मुंबईला नळाचा गॅस नवा नाही. दगडी कोळशापासून तयार केलेला वायू 1860च्या दशकात रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी इथे आला. लालबागच्या गॅस कंपनी गल्लीच्या नावात त्याची आठवण उरली आहे. पुढे 1974 मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडले आणि त्यासोबतचा वायू समुद्राखालच्या नळाने उरणच्या किनाऱ्याला लागला. तो आधी खत कारखाने आणि वीजकेंद्रे यांच्याकडे गेला. घरगुती पुरवठ्यासाठी महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली ती 1995 मध्ये. यामागचे एक कारण सरळ आहे. एका मोठ्या गिऱ्हाइकापर्यंत एक जाड नळ नेणे सोपे. लाखो स्वयंपाकघरांपर्यंत लाखो बारीक नळ नेणे फार कठीण.

इंधन बदलले की शेगडीही बदलावी लागते, ही साधी गोष्टही क्वचितच सांगितली जाते. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळताना सुमारे 9,000 किलोकॅलरी उष्णता देतो. एलपीजीच्या तेवढ्याच वाफेतून त्याच्या अडीच ते तीन पट उष्णता मिळते. म्हणून नळाच्या गॅससाठी शेगडीच्या नोझलचे भोक मोठे करावे लागते. ब्रिटनमध्ये 1967 ते 1977 या काळात कोळशाच्या वायूऐवजी नैसर्गिक वायू आला, तेव्हा कामगारांना घरोघर जाऊन एक कोटीहून अधिक ग्राहकांची उपकरणे बदलावी लागली. तिथे नळ आधीपासून होते, तरी दहा वर्षे लागली. मुंबईत तर बहुतेक ठिकाणी नळापासूनच सुरुवात होती.

आता सुरक्षिततेचे विधान पाहू. मिथेनचा रेणुभार 16, हवेचा सरासरी 29. म्हणून मिथेन वर जातो, तर एलपीजी जमिनीलगत साचतो. इथपर्यंत बरोबर. पण वर गेलेला वायू बाहेर पडायला वाट हवी. खिडक्या बंद असलेल्या स्वयंपाकघरात तो छताखाली साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के झाले की एक ठिणगी पुरते. एलपीजीसाठी झरोका खाली हवा, नैसर्गिक वायूसाठी वर. 'हलका म्हणून सुरक्षित' या वाक्याला 'छताजवळ झरोका असेल तर' एवढी जोड दिलीच पाहिजे. शिवाय गळती रस्त्याखाली झाली, तर डांबर आणि काँक्रीटमुळे वायूला सरळ वर येता येत नाही. तो केबलच्या आणि सांडपाण्याच्या नळ्यांतून आडवा सरकतो आणि भलत्याच ठिकाणी बाहेर पडतो. मूळ वायूला वास नसतो. गळती कळावी म्हणून मिसळलेल्या मर्कॅप्टनचा वासही मातीतून जाताना कमी होऊ शकतो.

मुंबईच्या पदपथाखाली पाणी, सांडपाणी, वीज आणि टेलिफोन यांची आधीच गर्दी आहे. त्यातच गॅसच्या पिवळ्या प्लास्टिक नळ्या बसवायच्या. पावसाळ्यात खोदकाम बहुतांशी थांबवावे लागते. एका खात्याने रस्ता बुजवला की दुसरे तो उघडते, आणि खाली काय आहे याची नोंद सर्वांच्या हाती असतेच असे नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये चेंबूरच्या खत कारखान्याच्या आवारात मुख्य वाहिनीला इजा झाली, तेव्हा मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक सीएनजी पंप बंद पडले. एका ठिकाणच्या इजेचा परिणाम तीन शहरांत दिसला.

'स्वच्छ इंधन' या विधानासाठी एक छोटे गणित करू. 100 किलो मिथेन जळाला की 275 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेवढीच उष्णता एलपीजीतून मिळवली तर सुमारे 310 किलो. म्हणजे 35 किलोंची बचत. पण न जळता निसटलेला एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी तापवाढ करतो. तेव्हा शंभर किलोंमागे सव्वा किलो गळाला की एलपीजीच्या तुलनेतली बचत संपली! एलपीजी तयार करताना आणि वाहून नेताना होणारे उत्सर्जन यात धरलेले नाही, त्यामुळे हा आकडा ढोबळच समजावा. तरीही त्यातून मुद्दा कळतो. कोळसा किंवा लाकूड यांच्यापेक्षा हे इंधन घरात निःसंशय स्वच्छ आहे. एलपीजीपेक्षा ते किती स्वच्छ, हे नळाच्या सांध्यांवर ठरते.

सर्वांत मोठी उणीव तिसऱ्या विधानात आहे. 'सर्वांच्या घरी' यातले सर्व कोण? 2011च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे 42 टक्के लोक झोपडपट्टीत राहतात. तिथल्या गल्ल्या अरुंद, भिंती कच्च्या, झरोक्यांना जागा नाही आणि जमिनीच्या हक्काचा वाद असेल तर परवानगीही अडते. सिलिंडर हातगाडीवरून किंवा खांद्यावरून तिथे जाऊ शकतो. नळाला मात्र कायमची जागा लागते. म्हणून ज्यांना सिलिंडर उचलण्याचे आणि त्याची वाट पाहण्याचे कष्ट सर्वाधिक, त्यांच्याकडेच नळ सर्वांत शेवटी पोहोचण्याचा धोका असतो. या अडचणी खऱ्या आहेत, आणि सुरक्षिततेचे नियम शिथिल करणे हा त्यांवरचा उपाय नव्हे. पण योजनेचे यश केवळ जोडण्यांच्या एकूण संख्येने मोजले, तर कोण मागे राहिले ते दिसतच नाही.

हे सारे नळाच्या गॅसविरुद्धचे म्हणणे नाही. घनवस्तीच्या शहरात तो उपयुक्तच आहे. आक्षेप आहे तो, वायूचा गुणधर्म म्हणजेच योजनेचा गुण, असे शिकवण्याला. शिक्षकांना हा भेद वर्गात सहज दाखवता येईल. गॅसचे बिल आणून एका घरात महिन्याला किती घनमीटर वायू लागला ते पाहावे. 14.2 किलोंच्या सिलिंडरमधली उष्णता साधारण 17 घनमीटर नैसर्गिक वायूएवढी असते. त्यावरून दोन्ही इंधनांच्या खर्चाची तुलना विद्यार्थ्यांनीच करावी. मग शाळेच्या परिसराचा नकाशा काढून नळ कोणत्या गल्लीपर्यंत आला आणि कुठे थांबला, याची खूण करावी. तो तिथेच का थांबला, या प्रश्नाच्या उत्तरासाठी भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचीही पुस्तके उघडावी लागतील.