अर्पणपत्रिकेतली अमेरिका

लाखांदूरला मी मराठी शिकवत होतो, तेव्हा दिवाळीनंतरचे दोन महिने वर्गाच्या दृष्टीने जवळजवळ वायाच जात. एकीकडे धानाची कापणी नि मळणी, दुसरीकडे गावोगावच्या मंडया आणि त्यांतली नाटके. नाटक कंपन्यांचे वडसा इथून हाकेच्या अंतरावर. रात्रभर नाटक पाहून आलेली मुले सकाळच्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपत. अशाच एका अर्ध्या रिकाम्या वर्गात मी महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका समजावून सांगत होतो. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना का अर्पण केले? त्यांना मराठी कुठे येते?”

मी ठरीव उत्तर दिले. त्या लोकांनी गुलामांना मुक्त केले, म्हणून.

“सगळ्यांनी?” तिने विचारले.

घंटा झाली आणि मी सुटलो. पण तो ‘सगळ्यांनी?’ माझ्यामागे बरीच वर्षे लागून राहिला. या लेखाचे मूळ तिथे आहे.

‘गुलामगिरी’ 1873 साली प्रसिद्ध झाली. पुस्तक मराठी, धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाचे. अर्पणपत्रिका मात्र इंग्रजी, आणि तिच्या सोबतीला इंग्रजी प्रस्तावनाही आहे. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी अमेरिकेतल्या सज्जनांनी स्वार्थ बाजूला ठेवून जो त्याग केला, त्याविषयी फुले त्यात आदर व्यक्त करतात. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी इच्छा ते पुढे बोलून दाखवतात. आपल्या समीक्षेने या मजकुराची दखल घेतली ती बहुधा ‘फुल्यांची जागतिक दृष्टी’ अशा एका वाक्यात. हे कौतुक खरे असले, तरी त्यामुळे मजकूर वाचायचा राहून गेला. माझ्या मते राष्ट्र कशाने घडते याविषयी फुल्यांनी दिलेला निवाडा या चार ओळींत आहे, आणि तो त्यांच्या काळातल्या नि नंतरच्याही पुढाऱ्यांना न मानवणारा आहे.

अमेरिकेच्या इतिहासात घडवणारी युद्धे दोन. पहिले इंग्रजांविरुद्धचे; 1776 ची स्वातंत्र्याची घोषणा आणि 1783 चा तह त्यातले. दुसरे आपसातले, 1861 ते 1865 पर्यंतचे. पहिल्या युद्धाने देश स्वतंत्र झाला आणि 1787 मध्ये त्याची राज्यघटना तयार झाली. या घटनेत ‘गुलाम’ हा शब्दच येऊ दिला नाही. लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी ठरवताना मात्र गुलामांची गणती पाचांमागे तीन या हिशेबाने करायची, अशी तरतूद केली. तिथे त्यांना नुसते ‘इतर व्यक्ती’ म्हटले. सगळी माणसे समान निर्माण झाली असे जाहीर करून अकरा वर्षे होतात न होतात तोच हा हिशेब! तो फिटायला दुसरे युद्ध लागले आणि त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. 1865 च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली, आणि घटनेत तो शब्द पहिल्यांदा उमटला तो ती नाहीशी करण्यासाठी. पुढे 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, 1870 च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी घातली.

फुल्यांना पहिले युद्ध अपरिचित नव्हते. तरुणपणी त्यांनी टॉमस पेनचा ‘मानवी हक्क’ हा ग्रंथ वाचला, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. पेन हा पहिल्या युद्धाचा प्रचारक. 1776 च्या त्याच्या ‘कॉमन सेन्स’ या चोपड्याने वसाहतींतल्या लोकांना राजाविरुद्ध उभे केले. हक्कांची भाषा फुल्यांनी या माणसाकडून घेतली. तरी पुस्तक अर्पण करायची वेळ आली तेव्हा त्यांना पेनची आणि वॉशिंग्टनची पिढी आठवली नाही, बेड्या तोडणारी आठवली. याउलट 1909 मध्ये सावरकरांनी 1857 वर ग्रंथ लिहिला आणि त्या उठावाला स्वातंत्र्यसमर म्हटले. तिथे राष्ट्राची ओळख परक्याशी झालेल्या झुंजीतून होते. फुल्यांचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. झुंजणाऱ्यांचे आपसांत काय नाते आहे, हे ते आधी विचारतात. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये निघाले. त्यात ‘नेशन’ या शब्दासाठी त्यांनी ‘एकमय लोक’ असा प्रतिशब्द योजला आहे, आणि शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सारे शिकून एकमय झाल्याखेरीज नेशन कसे होणार, असे विचारले आहे. अर्पणपत्रिकेत बी पडले होते, त्याचेच हे झाड.

इथवर मी फुल्यांच्या बाजूने बोललो. आता त्या मुलीच्या बाजूने बोलणे भाग आहे.

सगळ्यांनी मुक्त केले नाही. अर्धा देश गुलामगिरी टिकवण्यासाठीच लढला. उत्तरेचा हेतूही सुरुवातीला संघराज्य वाचवणे एवढाच होता. लिंकनने ऑगस्ट 1862 मध्ये तसे लिहून छापवलेही. 1 जानेवारी 1863 च्या त्याच्या मुक्तिघोषणेने बंडखोर मुलखातलेच गुलाम मुक्त होणार होते. संघराज्यात राहिलेल्या गुलामधारी राज्यांना ती लागू नव्हती. तेव्हा ‘स्वार्थ बाजूला ठेवून’ ही फुल्यांची दाद सढळ आहे. आणखी एक उणीव मला जास्त खटकते. उत्तरेच्या सैन्यात सुमारे 1 लाख 80 हजार काळे सैनिक होते आणि त्यांतले बरेच कालपर्यंतचे गुलाम. अर्पणपत्रिकेत मुक्त करणारे आहेत. स्वतःची मुक्ती लढून मिळवणारे नाहीत.

हे ठाऊक असूनही मी ती अर्पणपत्रिका भोळी मानत नाही. ती इंग्रजीत का, हे पाहिले की चित्र पालटते. 1873 च्या पुण्यात इंग्रजी वाचणारे कोण? साहेब, मिशनरी आणि इंग्रजी शाळांतून शिकलेला, बहुतांशी ब्राह्मण असलेला नवा वर्ग. वर नाव अमेरिकेचे असले तरी पत्र या वर्गाला आहे. तिथल्या गोऱ्यांनी गोऱ्यांशी लढून जे केले, त्यातले काही तुमच्याने होईल का, असा तो सवाल आहे. उत्तराची वाट पाहत मात्र फुले बसले नाहीत. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. अर्पणपत्रिकेतून जे वगळले होते, म्हणजे दास्यात असणाऱ्यांनी स्वतः उठणे, ते त्यांनी पुस्तकाबाहेर केले.

आपल्याकडच्या सर्वसामान्य माणसाला अमेरिकेतले हे यादवी युद्ध कळले ते कापसाच्या भावातून. तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांनी इकडे धाव घेतली, वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा जुगार माजला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. आमचा मुलूख धानाचा. आम्ही चढलोही नाही, पडलोही नाही. त्या चार वर्षांच्या रक्तपातात भावापलीकडे काही पाहणारा माणूस पुण्यात होता, हे विशेष.

1877 मध्ये दक्षिणेतून केंद्राचे सैन्य निघाले आणि काळ्यांना मिळालेले मत एकेका राज्यात पुन्हा हिरावले जाऊ लागले. युद्धाने कायदा बदलला होता, शेजारी बदलला नव्हता. हा उत्तरार्ध जवळून पाहायची संधी मिळाली ती 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेल्या डॉ. आंबेडकरांना. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीपुढे बोलताना त्यांनी अमेरिकेचीच एक गोष्ट सांगितली. ब्राइस या ग्रंथकाराकडून घेतलेली ही गोष्ट अशी : तिथल्या एका चर्चने प्रार्थनेत ‘आमच्या राष्ट्राला’ आशीर्वाद मागायचे ठरवले, तर लोकांनी ‘राष्ट्र’ या शब्दालाच हरकत घेतली आणि ‘या संयुक्त संस्थानांना’ असा बदल करावा लागला. ब्राइसचा ग्रंथ 1888 चा. अमेरिकेलाच राष्ट्र म्हणवून घेणे इतके जड गेले, तर हजारो जातींत विभागलेल्यांनी स्वतःला राष्ट्र कसे म्हणवावे, हा बाबासाहेबांचा रोख. फुल्यांच्या ‘एकमय लोकां’चीच ही पुढची पायरी.

मात्र याच भाषणात त्यांनी अमेरिकेत जातीचा प्रश्न नाही, असेही म्हटले. इथे मी अडखळतो. 1946 मध्ये ड्यू बॉइस या काळ्या विचारवंताला पाठवलेल्या पत्रात त्यांनीच निग्रोंची आणि अस्पृश्यांची स्थिती अगदी सारखी असल्याचे लिहिले होते. मग तीन वर्षांत काय बदलले? बदलला तो श्रोता, असे मला वाटते. घटना समितीला आपले काम किती अवघड आहे हे सांगायचे होते, आणि त्यासाठी अमेरिका सोपी करून दाखवणे सोयीचे होते. फुल्यांनीही 1873 मध्ये अमेरिका थोडी सोपीच केली होती. दोघांची नजर इथल्या माणसावर होती. आपल्या घटनेने मात्र अमेरिकेसारखी पळवाट काढली नाही. सतराव्या अनुच्छेदात ‘अस्पृश्यता’ हा शब्द पहिल्या दिवसापासून लिहिलेला आहे.

आणि आमचा जिल्हा? 1954 च्या मे महिन्यात भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ एक, जागा दोन, आणि प्रत्येक मतदाराला मतेही दोन. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर डॉ. आंबेडकर उभे होते. ते हरले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. घटना लागू होऊन चार वर्षे झाली होती. या निकालाची कारणे पक्षांच्या गणितात शोधता येतात, आणि शोधावीतही. पण आमच्याकडच्या लेखकांनी त्या निवडणुकीवर एखादी बरी कादंबरी लिहायला हवी होती, ही माझी जुनी तक्रार आहे.

माझ्या आज्याने त्या निवडणुकीत मत दिले होते. दोन एकर धान आणि एक बैलजोडी असलेला तो कुणबी. पहिले मत मेहतांना दिले, हे तो कोणालाही सांगे. दुसऱ्याचे विचारले की बिडी पेटवी आणि म्हणे, “देलो ना गा एखाद्याले.” महाविद्यालयात गेल्यावर मी एकदा फारच खोदून विचारले, तेव्हा तो उठला आणि बैलांना तणस टाकायला गोठ्याकडे निघून गेला.